ओटीपोटातली कळ आणि तिचा इतिहास

आमचं होटगी हे जंक्शन. मुंबईहून चेन्नईकडे जाणारी मोठी लाईन सोलापूर सोडून इथं येते आणि इथूनच विजापूर-गदगकडे दुसरी लाईन फुटते. जशा लाईनी, तशा भाषा. मराठी, कन्नड आणि आमची दखनी उर्दू इथं एकाच गल्लीत नांदतात. नळावरच्या भांडणात तर तिन्ही एकाच वाक्यात येतात. या तिन्ही भाषांत बाईच्या मासिक पाळीला शब्द आहेत, आणि ते सगळे आडून बोलणारे आहेत. मराठीत 'कावळा शिवला' म्हणायचं, 'बाहेर बसली' म्हणायचं, 'अडचण आहे' म्हणायचं. कन्नडमध्ये 'मुट्टु' म्हणतात. मुट्टु म्हणजे स्पर्श, शिवणं. आमच्या उर्दूत जुन्या बायका 'मैले सर से है' असं हळूच सांगायच्या. या शब्दांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. एकात शिवाशिव आहे, एकात मळ आहे, एकात घराबाहेर बसणं आहे. दुखणं मात्र एकाही शब्दात नाही.

भाषेत जे नसतं ते समाजाच्या कानावर येत नाही, आणि जे कानावर येत नाही त्याचा इतिहास लिहिला जात नाही. आज मला ज्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव इंग्रजी आहे आणि उच्चारायला अवघड आहे: एंडोमेट्रिऑसिस. मराठीत त्याला रुळलेला शब्द अजून नाही. दुखणं मात्र आपल्या घराघरांत जुनं आहे. दर महिन्याला पोटाशी उशी धरून पडणारी, शाळा बुडवणारी, चेहरा पांढराफटक पडलेली एखादी मुलगी प्रत्येकीनं पाहिलेली असते. 'बायकांचं असंच असतं' एवढंच तिला सांगितलेलं असतं. ते खरंच असंच असतं का, आणि असंच असतं हे कुणी ठरवलं, याचा हा थोडा शोध.

ग्रंथांना माहीत होतं

आपल्याकडे हे दुखणं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं असं नाही. चरकसंहितेत स्त्रीच्या जननेंद्रियांचे वीस विकार सांगितले आहेत. त्यातल्या एकाचं नाव आहे उदावर्तिनी. वायू उलट्या, म्हणजे वरच्या दिशेला फिरतो, त्यामुळे पाळीच्या वेळी अतिशय वेदना होतात आणि स्राव बाहेर पडला की बाईला आराम वाटतो, असं त्याचं वर्णन आहे. आमच्या हकिमांच्या युनानी वैद्यकातही वेदनेनं येणाऱ्या पाळीला वेगळं नाव आहे, 'उस्र-ए-तम्स'. उस्र म्हणजे कष्ट, अडचण. म्हणजे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी बाईचं कण्हणं ऐकलेलं होतं.

धर्माच्या अंगानं पाहिलं तरी सगळा अंधारच होता असं म्हणता येणार नाही. महानुभाव पंथानं तेराव्या शतकात बाईच्या पाळीचा विटाळ मानला नाही. चोखोबांची बायको सोयराबाई हिनं तर विटाळाचा प्रश्न थेट अभंगात आणला. विटाळ देहातच असतो आणि त्यापासून कुणाचाच देह सुटलेला नाही, असा तिचा रोखठोक विचार आहे. इस्लाममध्ये या दिवसांत बाईला नमाज माफ आहे. रोजे तेव्हा धरायचे नाहीत, पुढं सवडीनं भरून काढायचे. मला यात नेहमी सूट दिसते, शरीरावर भार आहे याची कबुली दिसते. पण व्यवहारात उलट झालं. नमाज नाही म्हणजे ती नापाक, एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं. रमजानमध्ये घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून पाळी आलेल्या मुली रोजा असल्याचं सोंग करत उपाशी राहतात. कळा येत असतात आणि पोटात अन्नाचा कण नसतो. जी सवलत होती तिची अशी शिक्षा झाली.

ग्रंथातलं ज्ञान बाईपर्यंत न पोहोचण्याचं एक साधं कारण होतं. वैद्य पुरुष, हकीम पुरुष. नाडी बघायला मनगट पुढं करायचं तेही पडद्याआडून. ओटीपोटाबद्दल परपुरुषाशी बोलायचं कसं? उरली सुईण. तिचा हात जाणता होता, पण तिला बोलावणं यायचं ते बाळंतपणाला. कुमारिकेच्या पोटातल्या कळांसाठी सुईण कोण बोलावणार!

दुखणं म्हणजे काय

इथं थोडं थांबून हा आजार समजून घेऊ. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारी बाई आहे. तेव्हा सोपं करूनच सांगते.

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक मऊ अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की गळून पाळीवाटे बाहेर पडतं. काही बायकांच्या शरीरात या अस्तरासारखंच ऊतक गर्भाशयाच्या बाहेर वाढतं. बीजकोशावर, गर्भनलिकांवर, आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या बाजूला, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर. तेही त्याच संप्रेरकांना ओ देतं, महिन्याच्या महिन्याला फुगतं, त्यातून रक्त येतं. पण या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. आतल्या आत सूज येते, व्रण होतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. बीजकोशात जुनं, काळपट तपकिरी रक्त साठून गाठ होते. तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं गोड नाव कुणी दिलं असेल कोण जाणे.

लक्षणं अनेक. पाळीच्या वेळी सोसवणार नाहीत अशा कळा, कधी पाळीच्या आधी आणि नंतरही. त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना दुखणं. पतीपत्नीच्या संबंधात दुखणं. सतत थकवा. काहींना मूल राहण्यात अडचण. गंमत अशी, की आजार किती पसरला आहे यावर वेदना किती हे ठरत नाही. थोड्याशा डागांनी एखादी अंथरुणाला खिळते, आणि मोठी गाठ असूनही दुसरीला पत्ता नसतो. त्यामुळे 'सोनोग्राफीत काही दिसत नाही, म्हणजे तुला काही नाही' हा हिशेब चुकतो.

व्हिएन्नामध्ये १८६० साली कार्ल रोकिटान्स्की या शवचिकित्सकानं असं भलत्या जागी वाढलेलं ऊतक पाहून त्याचं वर्णन केलं. आजचं नाव रूढ झालं ते जॉन सॅम्पसन या अमेरिकन शल्यविशारदामुळे. न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनी गावी काम करणाऱ्या सॅम्पसननं १९२१ ते १९२७ या काळात निबंध लिहून सांगितलं, की पाळीचं काही रक्त गर्भनलिकांतून उलटं, पोटाच्या पोकळीत जातं आणि त्यातले कण तिथं रुजतात. उलट दिशेला फिरणाऱ्या वायूची चरकाची कल्पना आणि सॅम्पसनचं उलटं वाहणारं रक्त हे एकच, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणण्याचा मोह आपल्याकडे फार लवकर होतो. पण दोन हजार वर्षांच्या अंतरानं दोघांनीही बाईच्या वेदनेचं वर्णन 'उलटं' याच शब्दानं करावं, हे कवीच्या नजरेतून सुटत नाही. सॅम्पसनचं उत्तरही अपुरंच ठरलं. कारण असं रक्त उलटं जाणं बहुतेक बायकांत घडतं, आजार मात्र काहींनाच होतो. अनुवंश, प्रतिकारशक्ती, संप्रेरकं अशी अनेक कारणं आज तपासली जातात. एकच एक कारण अजून हाती लागलेलं नाही.

'लग्न झालं की जाईल'

आजाराला नाव मिळालं, पण त्याबरोबर एक गैरसमजही चिकटला. १९४०च्या दशकात बोस्टनचे नामांकित डॉक्टर जो मेग्ज यांनी असं मांडलं, की सुखवस्तू घरातल्या मुली उशिरा लग्न करतात, मुलं उशिरा होऊ देतात, म्हणून हा आजार वाढतो. तेव्हा लवकर लग्न करा, लवकर मुलं होऊ द्या. पुढं कित्येक वर्षं हा 'नोकरी करणाऱ्या बायकांचा आजार' म्हणून पाठ्यपुस्तकांत वावरला. याचा दुसरा अर्थ असा निघाला, की गरीब, कष्टकरी, लवकर लग्न होणाऱ्या बायकांना तो होतच नाही. म्हणजे आमच्या होटगीच्या, अक्कलकोटच्या, मंगळवेढ्याच्या बायकांना तो असूच शकत नाही! जिथं शोधायचंच नाही तिथं सापडणार कसा?

गंमत म्हणजे बोस्टनच्या डॉक्टरचा हा सल्ला आपल्या आज्यांना ऐकावाच लागला नाही. त्या तो आधीपासूनच देत होत्या. पोरीच्या पोटात दुखतंय? लग्न झालं की जाईल. लग्न झालं, तरी दुखतंय? एक मूल होऊ दे, मोकळी होईल. गरोदरपणात पाळी बंद असते, त्यामुळे काहींना तात्पुरता आराम पडतो, हे खरं. पण गरोदरपण हा काही इलाज नव्हे. बाळंतपणानंतर दुखणं परतही येतं. आणि ज्या बाईला मूलच राहत नाही तिनं काय करायचं?

लग्न हे औषध आहे या समजुतीला महाराष्ट्रात पहिला खणखणीत नकार मिळाला तो रखमाबाईंकडून. लहानपणी झालेलं लग्न मानायला आणि नवऱ्याच्या घरी नांदायला त्यांनी नकार दिला. १८८४ ते १८८८ असा तो खटला मुंबईत गाजला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये लागला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी तडजोड झाली, आणि या बाई १८८९ मध्ये लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. परत येऊन सुरतेला आणि पुढं राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. स्वतःच्या शरीरावर आपला हक्क आहे असं कोर्टात सांगणारी बाई पुढं दुसऱ्या बायकांच्या शरीराचं दुखणं ऐकणारी डॉक्टर झाली. या दोन गोष्टींचा संबंध मला फार जवळचा वाटतो.

त्याच दशकात ही मागणी चहूकडून उठत होती. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर आयोगापुढं साक्ष देताना सांगितलं, की बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, कारण पुरुष डॉक्टरला त्या दुखणं सांगत नाहीत आणि न सांगता मरतात. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या त्या याच कारणासाठी. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि प्रॅक्टिस सुरू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. १८८६ मध्येच मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. एडिथ पेची या इंग्लिश डॉक्टर बाई त्यासाठी आधीच मुंबईत येऊन राहिल्या होत्या. रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्यांत त्याही होत्या.

आपल्या सोलापुरात या काळाची खूण रोजच्या तोंडात आहे. रिक्षावाल्याला 'डफरीन चौक' म्हटलं की तो काही न विचारता तिथं सोडतो. व्हाइसरॉय डफरीन यांच्या पत्नीनं १८८५ मध्ये हिंदी बायकांना बाई डॉक्टर मिळाव्यात म्हणून निधी उभा केला, आणि गावोगाव तिच्या नावाचे जनाने दवाखाने निघाले. सोलापुरातल्या कितीतरी पिढ्या 'डफरीन'मध्ये जन्मल्या. पण एक गोष्ट विसरता येत नाही. हे सगळे दवाखाने मुख्यतः बाळंतपणासाठी होते. बाई मरू नये, मूल मरू नये, ही त्या काळाची तातडी होती आणि ती योग्यच होती. त्या घाईत बाळंतीण नसलेल्या बाईचं दुखणं रांगेत मागं राहिलं, ते मागंच राहिलं.

दुर्बीण आली, पण कशासाठी

बायकांच्या शरीराबद्दल मराठीत उघड बोलणारा माणूस म्हणजे र. धों. कर्वे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या खासगी शंकांना ते छापील उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरूनच खटला झाला आणि १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले. शरीराबद्दल विचारणं हा गुन्हा नाही, हे त्या खटल्याचं म्हणणं होतं. कोर्टानं तेव्हा ते मानलं नाही. समाजानं तरी पूर्ण कुठं मानलं आहे?

स्वातंत्र्यानंतर कुटुंबनियोजन आलं, लाल त्रिकोण आला. सरकारी आरोग्यकेंद्रं खेड्यांत पोहोचली, हे मोठंच काम झालं. पण त्या केंद्राची बाईशी ओळख दोनच कारणांनी, बाळंतपण आणि ऑपरेशन. सत्तर-ऐंशीच्या दशकांत 'दुर्बिणीच्या ऑपरेशन'ची शिबिरं भरायला लागली. जीप यायची, शाळेच्या व्हरांड्यात बायका रांगेनं झोपवल्या जायच्या. ही दुर्बीण म्हणजे लॅपरोस्कोप. पोटाला छोटं छिद्र पाडून आत बघायचं यंत्र.

आता यातला विरोधाभास पाहा. एंडोमेट्रिऑसिसचे डाग डोळ्यांनी बघायचे तर साधन हेच. जगभर हा आजार नक्की होत होता तो याच दुर्बिणीतून. ती दुर्बीण आमच्या तालुक्याला आली, हजारो बायकांच्या पोटात डोकावली, नळ्या बंद केल्या आणि निघून गेली. बाई, तुझ्या पोटात दुखतं का, हा प्रश्न विचारायला तिला सवड नव्हती. तिला टार्गेट पूर्ण करायचं होतं.

हा प्रश्न विचारला गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि जगातले आरोग्यतज्ज्ञ चकित झाले. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. सरासरी एकेका बाईला तीनहून अधिक. आणि यापूर्वी कधीही तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. हा अभ्यास एंडोमेट्रिऑसिस शोधण्यासाठी नव्हता, त्यात जंतुसंसर्ग जास्त आढळले. पण त्यानं एक भिंत पाडली. गावातल्या बाईला दुखत नाही म्हणून ती बोलत नाही, असं नाही. तिला कुणी विचारत नाही म्हणून ती बोलत नाही, हे आकड्यांनी सिद्ध झालं.

पिशवी काढण्याचा सोपा मार्ग

विचारायचं नाही, तपासायचं नाही, आणि फारच दुखायला लागलं तर दुखणारी जागाच काढून टाकायची, असा तिसरा मार्ग नंतर रूढ झाला. हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या कळांना या हिशेबात जागाच नाही. पाचटात झोपायचं, आडोसा नाही, पाणी नाही, आणि पहाटे पुन्हा मोळी डोक्यावर. २०१९ मध्ये बीडच्या या बायकांच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा सरकारनं समिती नेमून पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यात तिशी-पस्तिशीतल्याही होत्या.

यातल्या किती जणींना खरोखर शस्त्रक्रियेची गरज होती, किती जणींना कॅन्सरची भीती घातली गेली, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. आपल्या विषयापुरतं एवढंच सांगायचं, की एंडोमेट्रिऑसिस गर्भाशयाच्या बाहेरचा आजार आहे. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचे डाग तसेच राहिले, तर दुखणं राहू शकतं. बीजकोशही काढले तर बाई ऐन तारुण्यात म्हातारी होते. हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे धोके वाढतात. काही जणींना, सगळे उपाय थकल्यावर, ही शस्त्रक्रिया करावी लागते. पण ती शेवटची पायरी. आपल्याकडे गरिबाच्या बाबतीत ती पहिली झाली.

विडी वळणाऱ्या बायकांचंही असंच. सोलापुरात हजारो घरांत मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसून विड्या वळतात. मजुरी हजारावर. पोटात कळा आल्या तर हात मंदावतो, हजार पुरे होत नाहीत, त्या दिवसाचं तेल-मीठ कमी येतं. या बायकांनी संघटना केल्या, मोर्चे काढले, कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली. मजुरीची लढाई त्यांना उघड करता आली. ओटीपोटाची लढाई मात्र प्रत्येकीला चार भिंतींत एकटीनं करावी लागते.

आजची मुलगी

माझी एक भाची पुण्यात नोकरी करते. तेराव्या वर्षी पाळी आली तेव्हापासून तिला दुखायचं. शाळेत ती 'नाटकी' ठरली. कॉलेजात प्रॅक्टिकल बुडायची. एका डॉक्टरांनी अपेंडिक्स म्हटलं, एकांनी ॲसिडिटी, एकांनी तिच्या आईला बाजूला घेऊन स्थळं बघायला सांगितलं. चोविसाव्या वर्षी आजाराचं नाव कळलं. नाव कळलं त्या दिवशी ती रडली. मी विचारलं, "घाबरलीस का गं?" ती म्हणाली, "नाही खाला, मी खोटं बोलत नव्हते हे आज कळलं." अकरा वर्षं त्या मुलीला स्वतःच्याच शरीराबद्दल खोटारडी ठरवलं गेलं होतं. हे सगळं तिला विचारूनच सांगते आहे.

आता ती या आजाराबरोबर राहायला शिकली आहे. हा मुळासकट जाणारा आजार नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. ती वहीत रोज नोंद ठेवते. किती दुखलं, दहापैकी किती, कुठं, काय खाल्लं, कोणती गोळी घेतली. डॉक्टरांना 'फार दुखतं' असं सांगण्यापेक्षा ही वही जास्त बोलते, असं ती म्हणते. दुखणं टोकाला जाण्याआधीच वेदनाशामक घ्यायची. शेकायची पिशवी ऑफिसच्या खणात. जमेल तसा व्यायाम. डॉक्टरांच्या देखरेखीखाली संप्रेरकाच्या गोळ्या. गाठ मोठी झाली होती तेव्हा दुर्बिणीनं शस्त्रक्रिया. या वेळी दुर्बीण तिच्या पोटात तिच्यासाठी शिरली.

गोळ्यांवरून घरात वादळ झालं. अशा उपचारात पुष्कळदा गर्भनिरोधक गोळ्याच दिल्या जातात. लग्न न झालेल्या मुलीच्या पर्समध्ये त्या गोळ्या! कर्व्यांना जाऊन सत्तर वर्षं झाली, पण औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढं करताना मुलीला आजही चार नजरा झेलाव्या लागतात. दुसरा प्रश्न स्थळांचा. सांगायचं की नाही? तिच्या आईचं म्हणणं, सांगू नये. भाचीचं म्हणणं, ज्याला पेलवत नाही तो आधीच जाऊ दे. मूल होणारच नाही असंही नाही. या आजाराच्या कित्येक बायकांना मुलं होतात, काहींना उपचारांची मदत लागते. पण हे समजावून सांगेपर्यंत समोरचे चहा संपवून उठतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे दहा टक्के मुली-बायकांना, म्हणजे १९ कोटींना, हा आजार आहे. मुंबईत परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन-आरोग्यावरची राष्ट्रीय संस्था आहे. देशभरातल्या रुग्णालयांना बरोबर घेऊन भारतीय बायकांमधल्या या आजाराचा आणि त्याच्या अनुवंशाचा अभ्यास तिनं हाती घेतला आहे. म्हणजे 'हा आपल्या बायकांचा आजार नाही' हा समज आता आपल्याच मातीत तपासला जातो आहे. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. दुर्बिणीनं पाहिल्याशिवाय आजार मानायचाच नाही हा जुना आग्रह सोडला. लक्षणांवरून संशय आला तरी उपचार सुरू करता येतात, असं त्यांनी म्हटलं. एका अर्थानं बाईच्या शब्दाला पुराव्याचं मोल आलं.

सरकारी पातळीवरही काही हललं आहे. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी गेला. त्याच वर्षी महाराष्ट्रात शाळकरी मुलींना स्वस्तात पॅड देणारी अस्मिता योजना आली. बिहारनं सरकारी नोकरीतल्या बायकांना पाळीची दोन दिवसांची रजा १९९२ मध्येच दिली. होटगीहून गाडी पुढं गेली की लागणाऱ्या कर्नाटकानं २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस भरपगारी रजेचा निर्णय केला. या सगळ्याचं स्वागतच आहे. पण भाचीचं एक वाक्य माझ्या मनात रुतून बसलं आहे. "खाला, पॅड सगळे देतात. दुखतं का, हे कुणी विचारत नाही." स्वच्छतेची चर्चा सुरू झाली, कारण स्वच्छता दिसते. वेदना दिसत नाही, ती सांगावी लागते आणि ऐकावी लागते. रजा पगारदार बाईला मिळेल. कोयत्याला आणि विडीच्या सुपाला रजा कोण देणार, हेही उरतंच.

हा दीडशे वर्षांचा प्रवास पाहिला तर बाईच्या वेदनेला समाजानं आळीपाळीनं तीन उत्तरं दिली: झाकून ठेव, लग्न कर, पिशवी काढून टाक. ऐकून घेणं हे चौथं उत्तर रमाबाईंनी आयोगापुढं मागितलं होतं. रखमाबाईंनी ते दवाखान्यात दिलं, कर्व्यांनी मासिकात, बंग दांपत्यानं गडचिरोलीच्या गावांत. ते महागडं नाही. त्याला यंत्र लागत नाही.

म्हणून शेवटी हे वाचणाऱ्या आया, आत्या, खाला, मावश्या, मोठ्या बहिणी आणि शिक्षिका यांना एवढंच सांगणं. पाळीत थोडं दुखणं नेहमीचं असतं. पण ज्या दुखण्यानं मुलीची शाळा बुडते, तिला उलट्या होतात, ती उभी राहू शकत नाही, आणि हे महिन्यामागून महिने होतं, ते नेहमीचं नाही. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. एकानं उडवून लावलं तर दुसऱ्याकडे न्या. आणि वडिलांनो, भावांनो, तुम्हीही तिच्याबरोबर जा. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसायला वैद्यकीचं शिक्षण लागत नाही.

ज्या जागेला आपण ओटीपोट म्हणतो, त्याच्या नावातच ओटी आहे. हळदीकुंकवाला तिथं तांदूळ आणि नारळ भरतो, लेकीला सासरी पाठवताना भरतो. माझ्या हिंदू मैत्रिणींनी माझीही ओटी कितीदा भरली आहे. भरताना आपण तिच्याकडून वंश मागतो, सौभाग्य मागतो. एकदा तरी भरण्याआधी विचारावं, बाई गं, इथं दुखतं का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)